संकल्पना सुचते कुठून? वास्तुकलेच्या विद्यार्थ्याचा प्रेरणेपासून आराखड्यापर्यंतचा प्रवास

वास्तुकला महाविद्यालयात पहिल्या सत्रापासून अंतिम वर्षाच्या प्रबंधापर्यंत एक प्रश्न विद्यार्थ्याची पाठ सोडत नाही : ‘या आराखड्यामागची संकल्पना काय?’ जागरणे करून काढलेली रेखाटने भिंतीवर लागतात, पुठ्ठ्याचे मॉडेल टेबलावर ठेवले जाते आणि परीक्षकांची पहिली विचारणा बहुधा हीच असते. अनेकांची उत्तरे इथेच अडखळतात. कोणी कमळाचे नाव घेतो, कोणी ‘प्रवाह’ किंवा ‘संवाद’ असा भारदस्त शब्द उच्चारतो. पण त्या शब्दाचा जिन्याच्या जागेशी, खिडकीच्या उंचीशी किंवा दुपारच्या उन्हाशी काय संबंध, हे सांगता येत नाही.

देशात वास्तुकलेचा पदवी अभ्यासक्रम पाच वर्षांचा, म्हणजे दहा सत्रांचा आहे. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये स्थापन झालेली वास्तुकला परिषद या शिक्षणाची किमान मानके ठरवते. ‘नाटा’ ही अभिक्षमता चाचणी किंवा जेईई मेनचा वास्तुकलेचा पेपर देऊन विद्यार्थी या अभ्यासक्रमात येतात. संरचनाशास्त्र, बांधकाम साहित्य, वास्तुकलेचा इतिहास या विषयांना क्रमिक पुस्तके आहेत; संकल्पना कशी सुचावी, याचे क्रमिक पुस्तक मात्र नाही. त्यामुळे ‘सुचणे’ ही उपजत देणगी असून ती ज्याला लाभली नाही त्याने या वाटेला जाऊ नये, असा समज नवख्या विद्यार्थ्यांत लवकर रुजतो.

हा समज खरा नाही. प्रेरणा शोधणे आणि तिच्यातून संकल्पना घडवणे ही निरीक्षणाने, मोजमापाने व सरावाने शिकता येणारी कृती आहे. ती शिकून घेणे अगत्याचेही आहे. कागदावरची चूक खोडता येते. इमारतीतील चूक मात्र तिथे राहणाऱ्या, शिकणाऱ्या किंवा उपचार घेणाऱ्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या सोसावी लागते.

प्रेरणा वेगळी, संकल्पना वेगळी

स्टुडिओतील बराचसा गोंधळ या दोन शब्दांच्या सरमिसळीतून होतो. प्रेरणा म्हणजे विचाराला चालना देणारी कोणतीही गोष्ट : झाडाची सावली, आजोळच्या घराची पडवी, एखादे शिल्प, एखाद्या वस्तीतील गल्ली. संकल्पना म्हणजे त्या प्रेरणेतून निघालेला आणि आराखड्यातील निर्णयांना दिशा देणारा विचार. प्रेरणा कोणालाही मिळू शकते. संकल्पनेची कसोटी मात्र कठोर असते : भिंत इथे का, प्रवेश तिथून का, छत एवढे उंच का, या प्रश्नांना ती उत्तर देते की नाही?

दिल्लीतील बहाई उपासना मंदिर, म्हणजेच सर्वपरिचित लोटस टेम्पल, हे याचे बोलके उदाहरण आहे. इराणी वंशाचे वास्तुविशारद फरिबुर्झ सहबा यांच्या या वास्तूची प्रेरणा कमळ आहे, हे शाळकरी मूलही सांगेल. परंतु १९८६ मध्ये खुली झालेली ही वास्तू केवळ कमळासारखी दिसते म्हणून उभी राहिलेली नाही. बहाई उपासनागृहाला नऊ बाजू असाव्या लागतात. त्या अटीशी कमळाची सांगड घालून तीन-तीनच्या नऊ गटांत २७ पाकळ्या योजल्या गेल्या. फुलाच्या पाकळीला भूमिती नसते; बांधकामासाठी ती द्यावी लागते. म्हणून पाकळ्यांचे वक्र पृष्ठभाग गोल, नळकांडे, शंकू अशा मोजता येणाऱ्या आकारांतून निश्चित करण्यात आले. भोवतीचे नऊ जलाशय कमळ पाण्यावर तरंगत असल्याचा आभास निर्माण करतात. त्याच वेळी त्यांच्यावरून येणारी थंड हवा खालच्या बाजूने सभागृहात शिरते आणि तापलेली हवा वरच्या भागातून बाहेर पडते. फूल ही प्रेरणा होती. अंक, भूमिती आणि हवा यांना एका सूत्रात बांधणारा विचार ही संकल्पना ठरली.

विद्यार्थ्याच्या प्रकल्पात नेमका हाच दुसरा टप्पा गळून पडतो. कमळाचा आकार प्लॅनवर उमटतो, पण एका पाकळीत स्वयंपाकघर आणि दुसरीत स्वच्छतागृह कोंबले जाते, आणि कोनाड्यांत कपाटसुद्धा बसत नाही.

जागेला विचारलेले प्रश्न

प्रेरणेचा सर्वांत खात्रीचा स्रोत हाताशी असतो, तो म्हणजे प्रकल्पासाठी दिलेली जागा. जमिनीचा उतार, माती व खडक, झाडे, पाण्याचा निचरा, वाऱ्याची दिशा, शेजारच्या इमारतींची सावली, रहदारीचा आवाज, पायवाटा यांची नोंद सर्वच महाविद्यालयांत करून घेतली जाते. दोष असतो तो या नोंदींच्या वापरात. रंगीत बाणांनी सजवलेला हा तक्ता भिंतीवर एका कोपऱ्यात लागतो आणि आराखडा मात्र त्याच्याशी अबोला धरून वेगळ्याच कागदावर जन्माला येतो.

जागेचे ऐकल्यावर काय घडू शकते, हे अमेरिकेतील एका विद्यार्थिनीने दाखवून दिले. व्हिएतनाम युद्धातील मृतांच्या स्मारकासाठी वॉशिंग्टन येथे खुली स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा माया लिन येल विद्यापीठात पदवीचे शिक्षण घेत होत्या. मृत्यू आणि स्मृती यांच्याशी निगडित वास्तुकलेच्या अभ्यासवर्गात हा विषय त्यांच्यापुढे आला. त्यांनी प्रत्यक्ष जागा पाहिली. तिथले मोकळे हिरवे उद्यान पाहून त्यांना काही उभारावेसे वाटले नाही. जमीन कापावी आणि कापलेली कड झिलई देऊन तशीच ठेवावी, असे वाटले. १९८१ मध्ये निनावी पद्धतीने तपासल्या गेलेल्या १,४२१ प्रवेशिकांतून २१ वर्षांच्या या विद्यार्थिनीची रचना निवडली गेली.

हा विचार पुढच्या प्रत्येक निर्णयात उतरलेला दिसतो. जमिनीत उतरत जाणाऱ्या दोन भिंती एका कोनात मिळतात. एकीचा रोख वॉशिंग्टन स्मारकाकडे, तर दुसरीचा लिंकन स्मारकाकडे आहे. ५८ हजारांहून अधिक नावे वर्णानुक्रमे न लावता मृत्यूच्या कालक्रमाने कोरलेली आहेत. नावांचा आरंभ आणि शेवट दोन भिंतींच्या सांध्यापाशी एकत्र येतो, त्यामुळे युद्धाचे वर्तुळ तिथे पूर्ण होते. काळ्या ग्रॅनाइटला आरशासारखी चकाकी आहे. नाव शोधणाऱ्याला त्या नावावर स्वतःचाच चेहरा दिसतो. हा दगड भारतातून, बंगळूरू परिसरातून नेण्यात आला होता. आराखड्यासोबतचे एका पानाचे टिपण लिहायला स्मारकाची रचना करण्यापेक्षा अधिक वेळ लागला, असे लिन यांनी पुढे नमूद केले आहे. संकल्पना शब्दांत नेमकी मांडता येणे हे तिच्या स्पष्टतेचे लक्षण असते, हा धडा प्रत्येक विद्यार्थ्याने घ्यावा असा आहे.

जागेची अडचणही प्रेरणा ठरू शकते. तिरुअनंतपुरम येथे बस स्थानकाजवळच्या चिंचोळ्या भूखंडावर लॉरी बेकर यांना इंडियन कॉफी हाऊस बांधायचे होते. एकावर एक मजले चढवले असते तर जिन्यानेच बरीच जागा खाल्ली असती. बेकर यांनी मजला आणि जिना हा भेदच काढून टाकला. मध्यभागी सेवांचा गाभा आणि त्याभोवती वर वर चढत जाणारा सलग उतार, त्यावरच विटा-काँक्रीटची पक्की बाके व टेबले, आणि बाहेरून विटांची जाळीदार भिंत. इमारत नळकांड्यासारखी दिसते. परंतु तो आकार हौसेने निवडलेला नाही, जागेच्या टंचाईने सुचवलेला आहे.

ऊन, वारा आणि पाऊस

दुसरा स्रोत हवामानाचा. सूर्य पश्चिमेला मावळतो, हे ठाऊक असूनही पश्चिमेकडे काचेची संपूर्ण भिंत काढणारे विद्यार्थी दरवर्षी आढळतात. कारण परदेशी छायाचित्रातली काच थंड प्रदेशातील उन्हासाठी आसुसलेली असते आणि तीच नागपूर किंवा जयपूरच्या मे महिन्यात आणून बसवली जाते.

पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो देशाचे फ्रान्सिस केरे यांनी विद्यार्थिदशेतच याच्या उलट उदाहरण घालून दिले. गांडो या त्यांच्या गावी शाळा नव्हती. सातव्या वर्षी घर सोडून त्यांना दूरच्या शाळेत जावे लागले. तिथले वर्ग गच्च भरलेले, अंधारे आणि भट्टीसारखे तापणारे होते. सुतारकामाच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीला गेलेल्या केरे यांनी पुढे बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात वास्तुकलेचे शिक्षण घेतले, आणि पदवी हाती येण्यापूर्वीच गावासाठी शाळेचा आराखडा करून निधीही जमवला. २००१ मध्ये ती शाळा पूर्ण झाली.

केरे यांची प्रेरणा बालपणीच्या त्रासदायक आठवणीत होती. संकल्पना मात्र दोन साध्या प्रश्नांतून घडली : वर्गातली गरम हवा बाहेर कशी जाईल, आणि गावकऱ्यांना स्वतःच्या हाताने काय बांधता येईल? स्थानिक मातीत थोडे सिमेंट मिसळून दाबून तयार केलेल्या विटांच्या भिंती, वर हवा जाऊ देणारे विटांचेच छत, आणि त्याच्यावर सळयांच्या हलक्या सांगाड्यावर उचलून धरलेला पत्रा. पत्रा आणि छत यांच्यामधल्या पोकळीतून वारा वाहतो आणि उष्णता घेऊन जातो. पत्र्याचा लांब छज्जा मातीच्या भिंतींना पावसापासून वाचवतो. मातीची इमारत पावसात टिकणार नाही, ही गावकऱ्यांची शंका बांधकामात सहभागी होताना फिटली. या शाळेला २००४ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला, तर २०२२ मध्ये केरे प्रित्झ्कर पुरस्काराचे मानकरी ठरले.

भारतात चार्ल्स कोरिया यांचे काम या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. मुंबईत पूर्व-पश्चिम दिशेने समुद्राचा वारा आणि उत्तम दृश्य मिळते. पण दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही त्याच दिशांनी येतो. जुन्या बंगल्यांनी खोल्यांभोवती व्हरांडा गुंडाळून हा पेच सोडवला होता. कोरिया यांनी तोच व्हरांडा २८ मजली ‘कांचनजंगा’ इमारतीत वर चढवला. प्रत्येक घराच्या कोपऱ्यातली दुमजली उंचीची गच्चीवजा बाग ही त्या बंगल्याच्या व्हरांड्याची वारसदार आहे. त्याआधी अहमदाबादेत त्यांनी रचलेल्या अरुंद व लांबट ‘ट्यूब हाऊस’मध्ये उतरत्या छताच्या आधाराने गरम हवा वर सरकून माथ्यावरील फटीतून बाहेर पडे आणि खालून ताजी हवा आत येई. दोन्ही ठिकाणी छेदाचे रेखाचित्र हाच संकल्पनेचा गाभा होता. विद्यार्थी बहुधा प्लॅनवर अडकून राहतात. हवा आणि प्रकाश यांचे वागणे मात्र छेदातच दिसते.

माणसे जागा कशी वापरतात?

तिसरा स्रोत माणसांचा. घर म्हणजे अमुक चौरस फुटांच्या खोल्या, एवढेच डोक्यात ठेवले तर संकल्पनेला वाव उरत नाही. उंबऱ्यावर बसून भाजी निवडणारी बाई, ओट्यावर दुकान मांडणारा कारागीर, झाडाखाली भरणारा पत्त्यांचा डाव ही सारी वास्तुकलेची सामग्री आहे.

पुण्यात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले बाळकृष्ण दोशी यांना इंदूरमधील ‘अरण्य’ वसाहतीचे काम मिळाले. त्या सुमारास त्यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या गटासह इंदूरच्या झोपडवस्त्यांचा बारकाईने अभ्यास केला. दाटीवाटीच्या त्या वस्त्यांत गल्ली हीच बैठक, ओटा हेच दुकान आणि दारासमोरची वीतभर जागा हेच अंगण असल्याचे त्या पाहणीतून पुढे आले. लोकांकडे घर बांधण्याची हिंमत व कसब होते; नव्हती ती हक्काची जमीन, पाणी आणि मलनिस्सारण. म्हणून सुमारे ६,५०० कुटुंबांसाठी आखलेल्या ‘अरण्य’मध्ये तयार घरांऐवजी भूखंड, जोते आणि पाणी व स्वच्छतागृहाचा गाभा देण्यात आला. नमुन्यादाखल ८० घरे बांधून दाखवली गेली. बाकीचे घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवावे, अशी योजना होती. ‘घर ही पूर्ण झालेली वस्तू नसून वाढत जाणारी प्रक्रिया आहे’ असे या संकल्पनेचे सार मांडता येईल, आणि ते पाहणीतून आलेले आहे. २०१८ मध्ये दोशी प्रित्झ्कर पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय ठरले, तेव्हा या वसाहतीची आवर्जून चर्चा झाली.

नवी मुंबईतील बेलापूरच्या वसाहतीत कोरिया यांनी याच दिशेने वेगळी मांडणी केली. सात घरे आठ मीटर बाजूच्या अंगणाभोवती, असे तीन गट मिळून २१ घरे बारा मीटर बाजूच्या मोठ्या चौकाभोवती, आणि पुढे क्रमाक्रमाने मोठे होत जाणारे सामायिक अवकाश. कोणत्याही दोन घरांची भिंत सामायिक नाही, जेणेकरून प्रत्येकाला आपले घर वाढवता यावे. आज तिथली अनेक मूळ घरे पाडून त्या जागी मोठे बंगले झाले आहेत. संकल्पनेचा हा पराभव मानायचा की विजय, हा वाद अभ्यासवर्गांत रंगतो. विद्यार्थ्यासाठी मोलाची गोष्ट ही की, मालकांच्या हाती गेल्यानंतर वास्तूचे काय होईल, हा प्रश्नदेखील संकल्पनेचाच भाग असतो.

वारशातून काय उचलायचे?

जुन्या वास्तूंकडे पाहून प्रेरणा घ्यावी, असे प्रत्येक शिक्षक सांगतो. विद्यार्थी मग महिरप, छत्री, जाळी किंवा नक्षीदार खांब उचलून नव्या इमारतीला चिकटवतो. वारशातून अवयव उचलणे सोपे आहे. त्यामागचे तत्त्व उचलायला थांबून पाहावे लागते.

दोशी यांनी बंगळूरूच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेची रचना करताना फत्तेपूर सिक्री आणि मदुराईचे मंदिरनगर यांच्यापासून प्रेरणा घेतली. तिथे ना मुघल घुमट दिसतो, ना द्राविडी गोपुर. त्यांनी घेतले ते चालण्याचे शास्त्र : अंगणांची माळ, उघडे-झाकलेले लांब मार्ग, सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत जाण्याची लय. स्थानिक करड्या दगडाच्या भिंती आणि वेलींनी झाकलेल्या मांडवाखालचे रस्ते यांमुळे विद्यार्थी व प्राध्यापक वर्गाबाहेरही भेटत राहतात.

जयपूरच्या जवाहर कला केंद्रात कोरिया यांनी सवाई जयसिंह यांच्या १७२७ च्या नगररचनेचा धागा पकडला. जुन्या जयपूरचा आराखडा नऊ चौकोनांच्या कल्पनेवर आधारलेला होता आणि टेकडीमुळे त्यातला एक चौकोन सरकवावा लागला. कला केंद्रातही नऊ चौकोन आहेत. त्यातला एक बाजूला फिरवून प्रवेश मोकळा केला आहे, तर मधला चौकोन रिकामा ठेवून पायऱ्यांचे खुले रंगमंडल केले आहे. प्रत्येक चौकोन एका ग्रहाशी जोडलेला असून ग्रंथालय अर्थातच गुरूकडे आले आहे.

तत्त्व हाती लागावे यासाठी मोजमाप घेण्यासारखा दुसरा उपाय नाही. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची ‘नासा इंडिया’ ही राष्ट्रीय संघटना १९५७ पासून कार्यरत आहे. तिच्या स्पर्धांतील लुई कान चषक हा वास्तू व वस्त्यांच्या प्रत्यक्ष दस्तऐवजीकरणासाठी असतो. जुन्या वाड्यात टेप धरून उभे राहिलेल्या विद्यार्थ्याला चौकाची रुंदी, भिंतीची उंची आणि तळाशी पोहोचणारे ऊन यांचा मेळ कळतो. छायाचित्रावरून तो कळत नाही.

निसर्गाकडे पाहतानाही हाच विवेक लागतो. झिम्बाब्वेची राजधानी हरारे येथील ईस्टगेट सेंटरचे वास्तुविशारद मिक पिअर्स यांनी वारुळातील हवा खेळती राहण्याच्या व्यवस्थेपासून प्रेरणा घेतली आणि १९९६ मध्ये पारंपरिक वातानुकूलनाविना चालणारी मोठी इमारत साकारली. पुढील संशोधनात वारुळातील हवेचे चलनवलन त्या वेळच्या समजुतीपेक्षा वेगळे असल्याचे दिसून आले. तरीही इमारत काम करीत राहिली, कारण रात्रीची थंड हवा जाड बांधकामात साठवून दिवसा वापरण्याचे गणित स्वतंत्रपणे मांडलेले होते. उपमा चुकली तरी चालते. गणित चुकून चालत नाही.

कल्पना ते आराखडा : एक उदाहरण

प्रेरणा मिळाल्यानंतरचा प्रवास कसा असतो, हे एका काल्पनिक प्रकल्पातून पाहता येईल. समजा, तालुक्याच्या गावी एसटी स्थानकाजवळ सार्वजनिक वाचनालय करायचे आहे. एक विद्यार्थिनी तीन दिवस वेगवेगळ्या वेळी जाऊन बसते. तिला दिसते की सकाळी निवृत्त मंडळी वर्तमानपत्र वाचायला येतात. त्यांना गप्पाही हव्या असतात. संध्याकाळनंतर स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली रात्री उशिरापर्यंत बसतात. त्यांना शांतता हवी असते. स्थानकाचा गोंगाट उत्तरेकडून येतो आणि पश्चिमेची भिंत दुपारी तापते.

‘उघडे पुस्तक’ ही तिच्या वहीतली पहिली प्रेरणा बाजूला पडते. तिच्या जागी ‘एका छपराखालची दोन वाचनालये’ हा विचार येतो : एक बोलके, एक मुके, एक सकाळचे, एक रात्रीचे. आता निर्णय आपोआप रांगेत उभे राहतात. वर्तमानपत्रांचा कट्टा रस्त्यालगत, उत्तरेला, कारण गप्पांना गोंगाटाची अडचण नसते. अभ्यासिका मागे, झाडांच्या बाजूला. दोहोंमध्ये ग्रंथपालाची जागा, म्हणजे एका माणसाला दोन्हीकडे लक्ष ठेवता येईल. रात्री पुढचा भाग बंद करूनही अभ्यासिकेला वेगळी वाट हवी, आणि ती मुलींना सुरक्षित वाटेल अशी उजेडातली, रस्त्यावरून दिसणारी हवी. स्वच्छतागृह दोन्ही वेळांना वापरता यावे म्हणून मध्यभागी.

पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला ती प्रथम पुस्तकांची कपाटे लावते. जाड भिंतीसारखी ती उष्णता अडवतील, असा तिचा कयास. शिक्षक दाखवून देतात की उष्णता आणि पावसाळी ओल या दोन्हींनी पुस्तकेच खराब होतील. कपाटे आत सरकतात, त्यांच्या जागी जिना आणि भांडारघर येते. मूळ विचार, म्हणजे तापणाऱ्या बाजूला काहीतरी ढालीसारखे उभे करणे, टिकून राहतो. फक्त ढाल बदलते. संकल्पनेचा विकास म्हणतात तो हाच. दर आठवड्याला नवी कल्पना आणणे म्हणजे विकास होत नाही. एकाच कल्पनेला प्रश्न विचारत, तिचे कच्चे भाग टाकत आणि पक्के भाग राखत पुढे जावे लागते.

या टप्प्यावर साधने महत्त्वाची ठरतात. ट्रेसिंग पेपरवर जुन्या रेखाटनावर नवे रेखाटन करताना काय बदलले हे डोळ्यांसमोर राहते. पुठ्ठ्याचे ओबडधोबड मॉडेल तासाभरात होते आणि तेवढ्याच सहज मोडताही येते. ते खिडकीत उन्हाला धरले की सावलीचा अंदाज येतो. संगणकीय आराखडा घाईने सुरू केला तर प्रत्येक रेषा पक्की वाटू लागते आणि बदलण्याचे धाडस कमी होते. लहान प्रमाणावर संपूर्ण जागेचा, मग मध्यम प्रमाणावर इमारतीचा आणि शेवटी मोठ्या प्रमाणावर दार-खिडकीचा विचार, असा क्रम ठेवला तर एकच विचार शेवटच्या बिजागरीपर्यंत पोहोचतो.

कल्पना बांधता येण्याजोगी नसेल तर काय, हा प्रश्नही उरतोच. डेन्मार्कचे यॉर्न उटझन १९५७ मध्ये सिडनी ऑपेरा हाऊसची स्पर्धा जिंकले, तेव्हा त्यांच्या शिंपल्यांसारख्या छतांना निश्चित भूमिती नव्हती आणि ती कशी बांधायची हे कोणालाच ठाऊक नव्हते. काही वर्षांच्या झटापटीनंतर, १९६१ च्या सुमारास तोडगा निघाला : सारी छते ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलाचे तुकडे मानायची. वक्रता सारखी झाल्याने साच्यांतून सुटे भाग ओतता आले. १९७३ मध्ये इमारत खुली झाली. मात्र मतभेदांमुळे उटझन १९६६ मध्येच काम सोडून गेले होते. पहिल्या रेखाटनातील झेप आणि पुढची चिकाटी, दोन्ही नसत्या तर ती इमारत कागदावरच राहिली असती.

पडद्यावरचा पूर आणि ज्युरीचा धसका

आजच्या विद्यार्थ्यासमोर प्रेरणेचा दुष्काळ नाही, अतिवृष्टी आहे. मोबाइलच्या पडद्यावर काही मिनिटांत शेकडो इमारती सरकतात. कृत्रिम बुद्धिमत्तेला दोन ओळी सांगितल्या की देखणे चित्र तयार होते. ही साधने त्याज्य नाहीत. परंतु त्या चित्रात छेद नसतो, उत्तर दिशा नसते, खर्च नसतो आणि पावसाचे पाणी कुठे जाणार याचे उत्तर नसते. पाहिलेल्या प्रत्येक वास्तूचा प्लॅन आणि छेद हाताने काढून पाहणे, ती ज्या हवामानात उभी आहे ते लिहून ठेवणे आणि तिच्या वास्तुविशारदापुढे कोणता प्रश्न होता हे शोधणे, एवढे केले तरी नक्कल आणि अभ्यास यांतला फरक पडतो. खिशात मावणारी वही, पेन्सिल आणि मोजपट्टी ही त्यासाठीची जुनीच साधने आजही पुरेशी आहेत.

ज्युरीची भीती हे या शिक्षणातील आणखी एक वास्तव. अनेक रात्रींचे काम काही मिनिटांत मोडीत निघाल्याची भावना कित्येकांना खचवते. ती दुर्लक्षण्याजोगी नाही. आराखड्यावरची टीका ही व्यक्तीवरची टीका नव्हे, हे परीक्षकांनी आपल्या भाषेतून जपायला हवे, आणि विद्यार्थ्यानेही मनाशी पक्के करायला हवे. माया लिन यांच्या ज्या रचनेने राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, तिलाच वर्गात ‘बी’ श्रेणी मिळाली होती. स्पर्धा जिंकल्यावरही त्या काळ्या भिंतीवर कडाडून टीका झाली आणि तडजोड म्हणून जवळच सैनिकांचा पुतळा उभारावा लागला. भिंत मात्र मूळ विचाराप्रमाणेच बांधली गेली, कारण तिच्यातील प्रत्येक निर्णयामागे सांगता येण्याजोगे कारण होते.

सादरीकरणाला जाण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःच तीन प्रश्न विचारून पाहावेत. संकल्पना एका साध्या वाक्यात, अलंकाराविना सांगता येते का? ती काढून टाकली तर आराखडा बदलतो का, की तसाच राहतो? आणि तिचा लाभ इमारत वापरणाऱ्या माणसाला जाणवेल का, त्याला संकल्पनेचे नावही ठाऊक नसताना? तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे. गांडोच्या वर्गात बसलेल्या मुलाला उचललेल्या छताचे शास्त्र माहीत असण्याचे कारण नाही. त्याला एवढेच कळते की वर्गात उकडत नाही आणि फळ्यावरचे अक्षर नीट दिसते.